सुरमईचा चीक

ओरोस,
६ जानेवारी २००३

प्रिय आते,

तुझं कार्ड मिळालं. सुरमई महिन्याभरात विणार हे वाचून मी खोलीतल्या खोलीत फेऱ्या मारायला लागले. माझ्याबरोबर राहणारी जान्हवी म्हणाली, "कोणाचं लग्न ठरलं?" मी म्हटलं, "आतेची गाय गाभण आहे." ती कूस बदलून परत झोपली.

खालच्या ओळी वाचल्यावर मात्र मी बसलेच. या खेपेचं वासरू जगलं नाही तर गाय विकायची, घर बंद करायचं आणि सुदेशदादाकडे इन्सुलीला कायमचं जायचं, असं तू त्याला कबूल केलंस. कशाला केलंस? काका गेल्यावर तू डोक्यावर पाटी घेऊन गावोगाव मासे विकलेस, गुडघे गेले तेव्हा हार न मानता गाय घेतलीस. आणि आता दोन वासरं दगावली म्हणून मिठबाव सोडायचं?

ती दोन वासरं का गेली, ते मला ठाऊक आहे. दोन्ही वेळा सगळा चीक खरवसासाठी काढला गेला. आते, गाय व्याल्यावर येणारं ते पिवळट, दाट दूध हे वासराचं पहिलं औषध असतं. वासरू जन्मतं तेव्हा त्याच्या अंगात रोगाशी झगडायची ताकद नसते. ती चिकातून मिळते, आणि पहिल्या काही तासांतच मिळते. नंतर कितीही पाजलं तरी त्याचं पोट ती ताकद घेऊ शकत नाही. म्हणून वासरू उभं राहायला लागलं की लगेच त्याला गाईला लाव. विण्यानंतर गाईची वार, म्हणजे झार, पडायची वाट बघू नकोस. नाळेला लावायला आयोडीनची बाटली गाडीच्या कंडक्टरकडे दिली आहे. वासराखाली कोरडं गवत घाल, ओल्या जमिनीवर ठेवू नकोस.

आपल्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. इथे दुग्धविकासाच्या कामात मी रोज परक्या माणसांना हे सांगत फिरते. माझ्या आतेच्या गोठ्यात ते झालं नाही, तर मी कोणत्या तोंडाने सांगू?

तुझी,
चारुता


मिठबाव,
१४ जानेवारी २००३

चि. चारुता हिस आनंदी आतेचे अनेक आशीर्वाद. इकडील सर्व खुशाल. तिकडील खुशाली कळवावी.

हय शाळेतली भाषा संपली. हात दुखता. आता आपल्या भाषेत लिवतंय.

बाटली गावली. कंडक्टरान विचारल्यान, "ह्यात काय आसा?" मी सांगलंय, नाळेचा औषध. तो माझ्या पिकलेल्या केसांकडे बघीत रवलो.

तू विचारतंस, कबूल कित्याक केलंस. सुदेश जेवत होतो. मी तेका तिसरो बांगडो वाढी होतंय, तेवा तो म्हणालो, "आये, तू हय एकटी, गुडघे दुखतत, दोन वासरां मेली. तिसरा मेला तर मी तुका घेवन जातलंय." मी म्हटलंय, बरां. जेवणाऱ्या माणसाशी मी वाद घालीत नाय. आणि तिसरा मरात कित्याक, असा माका वाटला.

इन्सुली वायट नाय. प्रियांका सून म्हणान बरी आसा, तिच्या हाताक चव आसा. पण सुदेशाचा टायरांचा दुकान चेकनाक्याजवळ. दारात बसलंय तर समोर ट्रक. हय दारात बसलंय तर माणसां जातत, आणि मी तेंका विचारतंय, खंय गेल्लंस, काय हाडलंस. ता ट्रकाक कसा विचारतलंय?

आता खरवसाचा. चेडवा, तू शिकलंस, पण वाडीत रवान बघ. सुरमई गाभण रवली तेवापासून वाडी वाट बघता. शेजारची जानकी येता, गायच्या पाठीवर हात फिरवता आणि नजर माझ्या टोपाकडे. मी नाय म्हटलंय तर फुडल्या खेपेक माझा घर शाकारूक कोण येतलो?

आणि दुकानवालो दाजी आसा. दुकानात बसान सांगता, वार पडूच्या आदी चीक पाजलो तर वार अडाकता आणि वासराक जंत होतत. मी सांगलंय, आमची चारुता वेगळा सांगता. तो म्हणालो, "चारुतान किती गायी व्यालेल्यो बघितल्यो?" मी मीठ घेवन घराक ईलंय. वाडीचा गाऱ्हाणा दाजी घालता. देवाक काय सांगूचा ता तोच सांगता, आणि आमका पण तोच सांगता.

वासराक किती चीक लागता आणि वाडीक किती उरात, ता लिव.

तुझी आते


ओरोस,
२१ जानेवारी २००३

प्रिय आते,

दाजींना सांग की गायी मी थोड्याच बघितल्या, पण वासरू लुचायला लागलं की वार पडायला मदतच होते. अडकत नाही. आणि जंतांवर औषध मिळतं. त्यासाठी वासराला उपाशी ठेवायची गरज नाही.

पहिल्या तासात वासराला पोटभर चीक मिळायला हवा, आणि पुढचे तीन दिवस चिकावर पहिला हक्क त्याचाच. त्यातून काही उरलं तर उरलं. पण मला वाटतं, तू खरवस करूच नकोस. टोप चुलीवर चढला की हात आखडता राहत नाही, मी तुला ओळखते.

वाडीला नाही म्हणायचं ओझं तुझ्या एकटीवर का, असा मी विचार केला. म्हणून एक पत्रक लिहिलं आहे. नाव आहे 'चीक: वासराचा हक्क'. एका संध्याकाळी सगळ्यांना अंगणात बोलाव आणि ते मोठ्याने वाचून दाखव. मग गोठ्याच्या भिंतीला लाव. मागच्या बाजूला पहिल्या महिन्याचं वेळापत्रक आहे: दूध किती द्यायचं, जंताचं औषध कधी, हगवण लागली तर काय करायचं. भिंतीला लावण्याआधी ती बाजू वाचून घे.

जान्हवीने पत्रक वाचलं. म्हणाली, निवडणुकीला उभी राहतेस का? मी तिला म्हटलं, बदल असाच होतो, कोणीतरी उभं राहून बोलावं लागतं. ती म्हणाली, "आते उभी राहणार आहे. तू ओरोसला आहेस."

ते मला जरा लागलं. पण तू वाचून दाखवच.

चारुता


मिठबाव,
११ फेब्रुवारी २००३
(कार्ड)

चि. चारुता हिस अनेक आशीर्वाद. पत्र लिहिण्यास कारण की, शनिवारी सकाळी गाय सुखरूप व्याली. पाडी झाली. वर्ण तांबूस, कपाळावर पांढरा ठिपका. वडीलधाऱ्यांच्या सांगण्याप्रमाणे सर्व रीत पाळली. सोमवारी संपूर्ण वाडीस खरवस वाटला. कोणीही उपाशी राहिले नाही. दाजींनी तीन वेळा मागून घेतला व असा खरवस जन्मात खाल्ला नाही, असे उद्गार काढले. तू पाठविलेले पत्रक गाईच्या उपयोगी पडले. पाडीची प्रकृती ठीक आहे. काळजी नसावी. कळावे.

आनंदी


ओरोस,
१४ फेब्रुवारी २००३

आते,

कोणीही उपाशी राहिले नाही, असं तू लिहितेस. एक जण राहिली. जिच्या कपाळावर पांढरा ठिपका आहे ती.

मी हिशेब करून बघितला. अख्ख्या वाडीला पुरेल एवढा खरवस केलास, म्हणजे पाडीच्या वाट्याला थेंबही आला नसणार. मी दोन पत्रं लिहिली, बाटली पाठवली, पत्रक पाठवलं, आणि तू मला लिहितेस की दाजींनी उद्गार काढले. आजवर माझ्याशी तू अशी भाषा बोलली नाहीस. मनात काहीतरी खात असलं की माणूस असं सरकारी बोलतं.

तुला राग येईल, येऊ दे. पाडी गेली तर तू इन्सुलीला जाशील, आणि दाजी मिशीला लागलेला खरवस पुसून तुला निरोप द्यायला येतील. तेव्हा वाडीतलं कोणीही 'आनंदी, राहा' म्हणणार नाही. त्यांना दुसऱ्या कोणाची तरी गाय विणारच आहे.

झालं ते झालं. आता निदान दुधाला तरी तिला तोडू नकोस. उपाशी ठेवू नकोस. एवढं तरी माझं ऐक.

मी आज जेवले नाही. जान्हवीने खिचडी केली होती, ती तिने एकटीने खाल्ली.

चारुता


मिठबाव,
१८ फेब्रुवारी २००३, सकाळ

चारुता,

ह्या पत्र पोष्टात घालीत नाय. सकाळच्या गाडीच्या कंडक्टराकडे देतंय.

तुझा पत्र माका दाजीन आणून दिल्यान. आदी वाचल्यान, मगे दिल्यान. मिशीचा वाचून दोन दिवस माझ्याशी बोलूक नाय. आमचा टपाल तेच्या दुकानात उतारता, आणि येणारा जाणारा सगळा तो वाचता. ता कार्ड मी तुका लिवलेला नाय, दाजीक लिवलेला. शाळेतली भाषा बघून तुका कळूक होया होता.

आता खरा आयक. पाडी जल्मली, धडपडत उभी रवली, आणि मी गोठ्याचा दार लावन तिका सुरमईक लावलंय. दाजी भायर उभो. विचारता, "वार पडली?" मी सांगलंय, "अजून नाय. तू घराक जा, गाय बुजता." पाडी पोट फुगासर प्याली. नाळेक तुझा औषध लावलंय. दुसऱ्या दिवशी वाटीभर चीक देवाक ठेवलंय, कारण देवाक फसवूचा नाय. बाकीचो सगळो पाडीचो.

मगे वाडीक काय देव? तेवा माका प्रियांकाचा आठावला. तिना माका इन्सुलीक एकदा अंडी, दूध आणि साखर उकडान गोड करून घातलेल्यान. चाकूची वडी पडता, थरथरता, अगदी खरवस. जानकीच्या म्हशीचा दूध हाडलंय. अंडी दाजीच्याच दुकानातसून. तो म्हणालो, "इतकी अंडी कित्याक गो?" मी सांगलंय, घरात बाळंतीण आसा. साखरेच्या जाग्यार गूळ घातलंय, वेलची घातलंय, आणि अंड्याचो वास मारूक जायफळ इतक्या किसलंय की माकाच पेंग येवक लागली.

दाजीचो सोमवारचो उपास. मी सांगी होतंय, "दाजी, नको, उपासाक जड पडात." तो म्हणालो, "दूधच ता. चिकाक कसलो उपास?" आणि वाटी फुडे केल्यान. तीन वेळा. मगे ओटीवरच झोपलो. ता जायफळ.

तुझा पत्रक वाचून दाखवक नाय, माका लाज वाटली. पण गोठ्यात लावलंय. मागली बाजू सकाळी वाचूया म्हटलंय, तर सुरमईन खाल्ल्यान. दोनय बाजू.

आता हसा नको. परवापासून पाडी हगता, पाण्यासारख्या, पिवळा. कालपासून उठना नाय. तू लिवलंस उपाशी ठेव नको, म्हणान मी तिका दिवसभर गायकडे सोडून ठेवी होतंय. माका वाटला, प्याली तर बरांच.

दाजी म्हणता, गायच वायट पायाची, आणि सुदेशाक फोन करून मोकळो झालो. सुदेश गुरवारी टेंपो घेवन येता. मी तुका फोन करूचो, तर फोन पण दाजीच्याच दुकानात. चारुता, मी झिलाक, सुदेशाक, शब्द दिलंय. पाडी मेली तर मी नाय म्हणूचंय नाय. काय करू, ता कंडक्टराकडे लिवन दी.

आते


ओरोस,
१८ फेब्रुवारी २००३, दुपार

प्रिय आते,

माफी नंतर सविस्तर मागेन. आधी हे वाच.

तिला दूध फार झालंय. दिवसभरात तिच्या वजनाच्या दहाव्या भागाएवढंच दूध द्यायचं, तेही वेळा ठरवून थोडं थोडं. हे मागच्या बाजूला लिहिलेलं होतं. मी ते पत्रातच लिहायला हवं होतं. जे वाचलंच पाहिजे ते मी भिंतीच्या बाजूला छापलं, ही माझी अक्कल.

हगवणीत वासराच्या अंगातलं पाणी आणि क्षार निघून जातात, आणि त्यानेच ते मरतं. सोबत क्षारांच्या पुड्या आहेत. पुडीवर लिहिलंय तेवढ्या कोमट पाण्यात विरघळव आणि दिवसभर थोडं थोडं पाज. आडवी पडलेली असताना घशात ओतू नकोस, छातीत जाईल. मान उचलून धर, तुझं बोट चोखायला दे आणि बोटावरून पाणी सोड. दूध बंद करू नकोस, पण कमी दे. खाली कोरडं गवत, अंगावर गोणपाट. तिला हात लावण्याआधी आणि नंतर साबणाने हात धू.

मी दवाखान्यात फोन केला आहे. डॉक्टर उद्या सकाळी येतील. ते विचारतील त्याचं खरं उत्तर दे, दाजी शेजारी असले तरी. मी स्वतः निघाले असते, पण मुंबईचे साहेब तपासणीला आले आहेत आणि रजा नाकारली. मी साहेबांसमोर 'गावपातळीवरील जागृती' या विषयावर बोलणार आहे. विषय बदलता येतो का, विचारते.

अंड्यांबद्दल मला अजून ठरवता आलेलं नाही. लोकांना पटवून द्यायला हवं, फसवून नव्हे, असं मला मनापासून वाटतं. पण पटवून द्यायचं माझं पत्रक गाईने खाल्लं आणि तुझ्या फसवण्याने पाडीला चीक मिळाला. जान्हवी जमिनीवर बसून हसते आहे, तिच्याकडून या प्रश्नावर काही मदत होणार नाही.

आते, तू जाऊ नयेस असं मला फार वाटतं.

चारुता


मिठबाव,
२५ फेब्रुवारी २००३

चि. चारुता,

ह्या पत्र पोष्टातसून धाडतंय. दाजीन वाचल्यान तरी चलात, तेका सगळा ठावक आसा. कसा ता सांगतंय.

डाक्टर बुधवारी सकाळीच ईलो. पाडीक बघितल्यान, सुई मारल्यान, आणि विचारल्यान, "हिला चीक पाजला होता का?" दाजी माझ्या बाजूक उभो. खोटा सांगलंय तर औषध चुकात. मी सांगलंय, "होय. जल्मल्यार लगेच, पोटभर."

"तरीच तग धरून आहे," डाक्टर म्हणालो.

दाजीन एकदा पाडीकडे बघितल्यान, एकदा माझ्याकडे. मगे हळूच म्हणता, "आनंदी, मगे सोमवारी आमी काय खाल्ला?"

मी सांगलंय.

"अंडी?"

"तुझ्याच दुकानातली."

"सोमवारी?"

"मी नको म्हणी होतंय, दाजी."

डाक्टर आपल्या बॅगेत तोंड घालून कायतरी शोधी होतो, ता तेका लवकर गावना नाय. दाजी घराक गेलो आणि दुकान बंद केल्यान. सांजेक सगळ्या वाडीक कळला. जानकी म्हणाली, "माका तेवाच वाटला." तिका कायएक वाटूक नव्हता, दोन वाट्यो घराक नेलेल्यान.

दुसऱ्या दिवशी दाजीन सगळ्यांका देवळात बोलावल्यान आणि गाऱ्हाणा घातल्यान. "बा देवा म्हाराजा, ह्या लेकरान सोमवारी अजाणतेपणी जा काय खाल्ला, ता दुधाच्याच हिशेबात धर रे म्हाराजा." सगळी वाडी मागसून "व्हय म्हाराजा" म्हणाली. माझो आवाज सगळ्यात मोठो होतो. परतताना तेची सून सत्यवती माका बाजूक घेवन विचारता, अंडी किती आणि गूळ किती. तेंची म्हस मे म्हयन्यात विता. दाजी फुडे चलत होतो, पण तेचे कान मागे होते.

आता सुदेशाचा. गुरवारी गाऱ्हाण्यासून येतंय तर दारात टेंपो. सुदेशान आत जागा करून घेतलेली, माझी खाट मावात इतकी. प्रियांकान नवी उशी धाडलेली. पाडी मेलेली नाय आणि उठान उभी पण नाय. सुदेश गोठ्याच्या दारात उभो रवलो. म्हणालो, "मगे?" मी म्हटलंय, "मगे काय, थांब." टेंपोवालो झाडाखाली झोपलो.

मी दोन दिवस वाकान पाणी पाजून गुडघ्यान मेलेलंय. बसलंय तर उठाक गावना नाय.  सुदेशान शर्टाचे हात वर केल्यान, तू सांगलंस तो साबण घेवन नखातलो टायराचो काळो काढल्यान, आणि पाडीची मान मांडयेर घेवन बसलो. बोट तिच्या तोंडात, पाणी बोटावरसून. मी सांगलंय, चाय घे. तो म्हणालो, "आता नको, ती चोखता." सांजेपर्यंत तसोच. टेंपोवालो दोनदा येवन बघून गेलो.

शुक्रवारी सकाळी पाडी उठली. पाय लटलटत होते, पण आपली आपण सुरमईकडे गेली. तू सांगलंस तितक्याच दूध मी दिलंय आणि दूर केलंय, तर ओरडूक लागली. तिचा ओरडणा आयकान माका बरां वाटला.

सुदेशान उशी टेंपोतसून काढून माझ्या खाटीर ठेवल्यान. नारळ घातलंय तेच्या टेंपोत, आणि प्रियांकाक सुको बांगडो. जाताना मी तेका विचारलंय, "रे, पाडी मेली आसती तर आवस तुझ्याबरोबर ईली आसती. तुकाय ताच होया होता. मगे दिसभर तिका पाणी कित्याक पाजलंस?"

तो टेंपोत चढता चढता म्हणालो, "ती तोंड फुडे करी होती, आये. मी काय करू?"

तुझी आते,
आनंदी